पाळण्याच्या हिरव्या कड्या

शुक्रवार, १० जानेवारी

ही वही सुरुचीने सातव्या महिन्यात दिली होती. म्हणाली, आई, माझ्या बाळंतपणात काय काय केलंस ते लिहून ठेव, पुढे बघायला बरं. मी चौथीतून शाळा सोडलेली, मी काय लिहिणार! वही पिठाच्या डब्यावर पडून होती. आज उघडली, कारण मी आजी झाले. परवा बुधवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. मुलगी. एक किलो नऊशे ग्रॅम. आठव्यातच आली. आमच्या घराण्यात सगळ्यांना घाई. तिचे आजोबासुद्धा सिनेमा संपायच्या आधी उठून चपला शोधायचे. ते असते तर आज अख्ख्या फणसवाडीला थांबवून थांबवून सांगितलं असतं. आता ते काम मलाच करायचं आहे.

बाळ काचेच्या पेटीत आहे. जावयांनी, म्हणजे विनीतरावांनी, मोबाईलवर फोटो दाखवला. मी म्हटलं, नाक माझं आहे. ते म्हणाले, “आई, नाक अजून सुजलेलं आहे, एवढ्यात कळत नाही.” मला कळतं.

बारसं होईपर्यंत मी तिला मनू म्हणणार आहे.

सुरुची आधी सव्वा महिना माझ्याकडे येणार, मग सासरी कांदिवलीला. बारसं इथेच. माळ्यावरून पाळणा काढवला. सागवानी आहे, सुरुची ह्यातच वाढली. चार पितळी कड्या चिंचेने घासल्या, अशा झळकल्या की त्यात माझं तोंड दिसलं. मग कशाला घासल्या असं वाटलं, म्हातारी दिसते त्यात. पाळणा आढ्याला टांगून रिकामाच हलवून बघितला. कुरकुरतो अजून. सुरुचीला त्या कुरकुरीनेच झोप लागायची.

सोमवार, १३ जानेवारी

कड्या तीन दिवसांत हिरव्या. पुन्हा घासल्या.

हे त्या धुराड्यामुळे, मला माहीत आहे. आमच्या गॅलरीसमोरच्या इमारतीत पोटमाळ्यावर सोनं गाळायचा कारखाना आहे. दागिने घडवताना उडालेला कीस, भुगा, झाडलेली धूळ, सगळं गोळा करून तेजाबात उकळतात आणि त्यातून सोनं काढतात. ॲसिडला आम्ही तेजाबच म्हणतो. त्याचा पिवळट तांबूस धूर पत्र्याच्या धुराड्यातून थेट माझ्या गॅलरीत. दुपारी साडेतीनला सुरू, दिवेलागणीपर्यंत. आधी नाक चुरचुरतं, मग घशात खवखव. बारा वर्षं झाली. सवय होते माणसाला. तुळस मात्र तीन गेल्या. चौथी लावली ती आता घरात, देवाजवळ.

आज विनीतरावांचा फोन आला. डॉक्टरांनी विचारलं, बाळ जाणार त्या घराजवळ काही कारखाना, रसायनं, धूर? विनीतराव खरं बोलणारा माणूस. डॉक्टर म्हणाले, हिची फुप्फुसं अजून पुरती तयार नाहीत, तिथे नेऊ नका. विनीतराव म्हणाले, “आई, राग मानू नका. धुराचं काही झालं तर आणतो, नाही तर थेट कांदिवली.”

राग कसला मानायचा. चहा गार झाला तो तसाच ओतून टाकला.

गुरुवार, १६ जानेवारी

शेजारच्या प्राचीने मोबाईलवरून तक्रार केली. प्राची बँकेत असते, तिची मुलं कॉलेजात, तरी माझ्यासाठी वेळ काढते. तक्रारीला नंबर मिळाला, चौदा आकडी. एवढा मोठा नंबर बघून वाटलं काम झालंच.

झालं कुठे! काल एका ऑफिसात गेले, ते म्हणाले आम्ही फक्त धुराड्याचा परवाना बघतो, धूर आमच्याकडे नाही. आज दुसऱ्या ऑफिसात, तर तिथला साहेब म्हणतो तेजाब किती साठवलंय ते आम्ही बघतो, उकळल्यावर ते आमच्या हातात राहत नाही. म्हणजे तेजाब एका खात्याचं, धुराडं दुसऱ्याचं, धूर तिसऱ्याचा. खोकला तेवढा माझा. त्यांना म्हटलं, अहो, माझी नात तिन्ही खात्यांची आहे असं समजा. लिपिक हसला. खुर्ची दिली, पाणी दिलं, कामाचं काही दिलं नाही.

येताना ठाकूरद्वारला खारीक आणि डिंक घेतला. सुरुचीला लाडू लागतील. दुकानदाराने विचारलं काय झालं, म्हटलं मुलगी, नाक माझ्यासारखं.

मंगळवार, २१ जानेवारी

आज दोन आनंद. मनू दोन किलो साठ ग्रॅम. आणि धूर बघणाऱ्या खात्यातून सुमेधा मॅडमचा फोन आला, परवा गुरुवारी मशीन घेऊन येतात. दोन दिवस मशीन गॅलरीत राहील, हवा ओढेल आणि तिच्यात काय काय आहे ते सांगेल.

मला इतका आनंद झाला की बर्फी वाटायची राहिली होती ती आजच वाटून टाकली. चाळीत चाळीस बिऱ्हाडं. वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे, देवळातल्या गुरवाकडे. समोरच्या कारखान्यातसुद्धा दिली. भांडण धुराशी आहे, माणसांशी नाही, आणि बाळाच्या बर्फीतून कुणाला वगळू नये, बाळाला लागतं. तिथला मुकादम रामदास चांगला आहे, आमच्याच कुडाळकडचा, मावशी मावशी करतो. म्हणाला, “मावशी, नात झाली? बसा ना.” मी म्हटलं, बसायला वेळ कुठे रे, परवा सरकारी मॅडम यायच्या आहेत मशीन लावायला, दोन दिवस राहणार मशीन, घर आवरायचं आहे. तो म्हणाला, “असं होय,” आणि दुसरी बर्फी घेतली.

बुधवार, २२ जानेवारी

दिवसभर आवरलं. बाहेरचं माणूस येणार, घर कसं स्वच्छ हवं. गॅलरीच्या गजांवर हिरवट पिवळी खपली धरली होती ती विळीने खरवडून काढली. काचा पुसल्या. तांब्याचं घंगाळ, समई, पाळण्याच्या कड्या, सगळं चिंच मिठाने लख्ख. खांदे दुखतात.

गुरुवार, २३ जानेवारी

मॅडम आल्या. मला वाटलं होतं कुणी मोठ्या बाई असतील, ही तर सुरुचीएवढी. पाठीवर सॅक, बरोबर एक मदतनीस. सगळीकडे बघून म्हणाल्या, “आजी, घर किती छान ठेवलंय. तक्रारीत लिहिलंय धातूवर हिरवे डाग पडतात. कुठे आहेत?”

मी म्हटलं, अहो, कालच घासले.

त्यांनी वहीत लिहिलं, डाग आढळले नाहीत. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, पुन्हा येतात. त्या म्हणाल्या, “आजी, मी बघितलं तेच लिहू शकते.” पोहे खाल्ले नाहीत, ड्युटीवर चालत नाही म्हणे. दोघंच आहेत एवढ्या मोठ्या भागाला. बिचारी.

मशीन म्हणजे उंच पायांचा डबा, पंख्यासारखा घोंघावतो. आत एक पांढरा कागद, बाजूला दोन काचेच्या नळ्या, त्यात पाणी आणि बुडबुडे. मॅडमनी बजावलं, “हात लावू नका आणि जवळ काही जाळू नका.” मी म्हटलं, मी कशाला काय जाळीन? गॅस आत आहे, शेजारी कुणी सिगरेट ओढत नाही.

साडेतीनला गॅलरीत जाऊन उभी राहिले. चार वाजले, पाच वाजले, धुराड्यातून काही नाही. आज नेमकं काय झालं कोण जाणे.

शुक्रवार, २४ जानेवारी

आजही धुराडं बंद. नशीबच फुटकं. बारा वर्षांत कामाचा एक दिवस सुटला नाही आणि मशीन आल्यावर दोन दिवस शुकशुकाट! ह्यांना कळलं कसं? प्राचीने तर नक्की सांगितलं नसेल, ती फार आतल्या गाठीची आहे. मला वाटतं ऑफिसातूनच कुणीतरी कळवलं. सगळीकडे किडलेलं आहे.

पण मशीन हुशार असेल. हवेत बारा वर्षांचा धूर मुरलेला आहे, तो कुठे जातो? सापडेलच.

रिकामं बसवेना म्हणून मनूचे कपडे काढले. माझ्या जुन्या सुती नऊवारीची दुपटी, टोपरी, लंगोट. धुऊन ठेवले होते, पण बाळाचे कपडे धुरी दिल्याशिवाय अंगाला लावत नाहीत. शेगडीत चांगले रसरशीत निखारे केले, वर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा, लसणाची सालं, चिमूटभर ऊद. वर टोपली उपडी घालून कपडे पसरले. गॅलरीत मस्त वास सुटला. ह्या वासाने मला सुरुचीचं टाळू भरणं आठवलं, तिचं ते पालथं पडणं आठवलं. सकाळी एक घाणा, दुपारी एक घाणा.

मदतनीस मशीनचा कागद बदलायला आला तेव्हा शेगडी पेटलेलीच होती. म्हणाला, “आजी, हे काय?” मी म्हटलं, धुरी. तुमच्या आईनेही दिली असेल तुम्हाला, म्हणून असे धडधाकट आहात. तो हसला. काय काय घातलं विचारलं, मी सगळं सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं. त्याच्या घरी पण पाळणा हलणार असेल, म्हणून कृती घेतली. बोलला नाही, लाजला असेल.

शनिवार, २५ जानेवारी

मशीन नेलं. तासाभराने धुराडं सुरू. मी गॅलरीत उभी राहून त्या धुराकडे बघून मोठ्याने बोलले. काय बोलले ते ह्या वहीत लिहिणार नाही, सुरुची वाचणार आहे.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मनू पेटीतून बाहेर आली! काल कांदिवलीला नेली. मी जाऊन आले. मांडीवर घेतली तर वजनच लागेना, पाव किलो कापसाचा गोळा जणू. बोट पकडलं माझं. सोडेना. विनीतरावांच्या आई म्हणाल्या, “आजीचं बोट बरं सापडलं.” त्या चांगल्या आहेत, पण आंघोळ घालताना पाणी कोमट घेतात. मी काही बोलले नाही. दोनदाच बोलले.

बारसं थांबवलं आहे. सुरुची म्हणाली, “आई, पाळणा तुझ्याकडेच. इथे फॉल सीलिंग आहे, टांगायचा कुठे? रिपोर्ट येऊ दे.”

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. प्राचीने संध्याकाळी वाचून दाखवला. मी तिला दोनदा वाचायला लावलं. जसंच्या तसं उतरवून घेते:

“धूलिकणांचे प्रमाण विहित मर्यादेपेक्षा अधिक आढळले. आम्लवायूंचे प्रमाण मर्यादेत आहे. तपासणीवेळी तक्रारदार यांच्या निवासस्थानी घरगुती ज्वलन सुरू असल्याचे आढळले. तक्रारदारांना समज देण्यात यावी. तक्रार निकाली.”

प्राची म्हणाली, “रमाकाकू, तुम्ही काय जाळलंत?”

“काही नाही गं. मी कशाला काय जाळू?”

“अहो, इथे खाली यादी आहे. ओवा, वावडिंग, लसूण...”

मी म्हटलं, ती धुरी आहे, जाळणं नव्हे. प्राचीला हसू आवरेना, मग माझं तोंड बघून आवरलं. म्हणाली, “काकू, मशीनला बाळंतशोपा काय कळणार? त्याला कण तेवढे कळतात.”

म्हणजे बारा वर्षं तेजाब खाल्लं मी आणि समज कुणाला, तर मला! तेजाबाचा धूर मर्यादेत आणि माझा ओवा मर्यादेबाहेर! हवा बिघडवली कुणी, तर फणसवाडीतल्या रमाबाईने! मला जेवण गेलं नाही. त्या मदतनिसाला मी दोन कप चहा पाजला होता, आलं घालून.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

विनीतरावांचा फोन. त्यांनी रिपोर्ट नेटवर वाचला. त्यांचा कागदावर फार विश्वास, विम्याच्या कंपनीत आहेत ना. म्हणाले, “आई, आम्लवायू मर्यादेत आहेत, म्हणजे आपण उगाच घाबरलो. तुमची ती शेगडी तेवढी बंद ठेवा, रविवारी आणतो दोघींना. बारसंही करून टाकू.”

मनू येणार! मी फोन ठेवला आणि देवाला साखर ठेवली. समज दिली तर दिली, मला काय. माझी नात येणार. लाडू पुन्हा परतून घेते, जरा सर्दावलेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सगळ्यांना बोलावून आले. गॅलरीला पडदा शिवायला टाकला, जाड कापडाचा. साडेतीन ते सात खिडक्या घट्ट बंद ठेवू. टॉवेल ओला करून फटीत कोंबू. होतं सगळं, मनात असलं की होतं.

कड्या घासायला घेतल्या. चारही हिरव्या. मंगळवारीच घासल्या होत्या. बसून राहिले त्यांच्याकडे बघत. पितळ आहे ते. पितळेची ही गत.

घासून टाकल्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी रामदासला गाठलं. म्हटलं, उद्या नातीचं बारसं आहे, उद्या तरी बंद ठेवा. तो म्हणाला, “रविवार ना, उद्या सुट्टीच मावशी. सोमवारपासून मात्र लग्नसराईचं काम, दोन पाळ्या.”

मी म्हटलं, त्या दोन दिवसांत बरं बंद ठेवलंत, कुणी सांगितलं रे तुम्हाला मशीन येणार म्हणून? मला नाव सांग त्या ऑफिसवाल्याचं, मी बघते.

तो म्हणाला, “मावशी, थट्टा करता काय? तुम्हीच तर सांगितलंत. बर्फी देताना. मी शेठच्या कानावर घातलं, शेठ म्हणाला दोन दिवस भट्टी नको.”

मी तिथे पायरीवरच टेकले. त्याने पाणी आणून दिलं. त्याची बोटं पिवळी झाली आहेत, नखांपर्यंत. कधी नीट बघितलीच नव्हती. खोकतोही माझ्यासारखाच, कोरडा. मी म्हटलं, तुझी मुलं कुठे असतात? म्हणाला, “कुडाळला, आजीकडे.”

“इथे का नाही आणलीस?”

तो भांडी विसळत राहिला. मग म्हणाला, “मावशी, मी वर कारखान्यातच झोपतो. इथे पोरं आणतात काय कोणी?”

एवढंच म्हणाला. आणि मग म्हणाला, “माझं नाव कुठे घालू नका. भट्टी गेली तर मी पण गेलो.”

घरी आले. पडदा शिवून आला होता. छान शिवलाय, खाली झालर लावली आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी सातला फोन केला, ते निघायच्या आत. मी सुरुचीला म्हटलं, आणू नकोस.

“आई, म्हणजे? बॅग भरली आहे. तूच तर इतके दिवस मागे लागली होतीस!”

“लागले होते. नको आणूस.”

ती रडायला लागली. बाळंतिणीने रडू नये, म्हणून मी ओरडले, मग मीच रडले. विनीतरावांनी फोन घेतला. म्हणाले, “आई, रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय, मर्यादेत आहे.”

मी म्हटलं, विनीतराव, रिपोर्टमध्ये बरोबर लिहिलंय, पण तेव्हा भट्टी बंद होती. आणि ती माझ्यामुळे बंद होती. मग बर्फीचं सांगितलं. गजांवरची खपली खरवडल्याचं सांगितलं. सगळं सांगितलं.

विनीतराव म्हणाले, “आई, बर्फी चांगली होती पण.”

देवमाणूस आहे.

बारसं कांदिवलीला झालं, पलंगावर ठेवून, आजूबाजूला उशा. मी गेले, आत्याने कानात नाव सांगितलं, कुर्र केलं. नाव ठेवलं मृणालिनी. मला म्हणताना दात आडवे येतात, मी मनूच म्हणणार. पाळणा गायचा तर पाळणाच नाही, मी मांडीवर हलवून गायले. ती झोपली. कुरकुर नव्हती तरी झोपली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सुमेधा मॅडमना फोन केला. चार वेळा कुणी उचलला नाही, पाचव्यांदा त्याच बोलल्या. मी म्हटलं, धुरी मी दिली, चूक माझी. आणि कारखान्याला बातमी पण मीच दिली. त्या म्हणाल्या, “आजी, असं फोन करून कबूल करणारं मला अजून कुणी भेटलं नाही.” मग म्हणाल्या, केस बंद झाली, उघडायची तर नवा अर्ज, आणि नुसता अर्ज नको. रोजची नोंद लागेल. तारीख, वेळ, वारा कुठला, धुराचा रंग, काय त्रास झाला. महिनाभर. म्हणजे न सांगता तपासणीला यायला त्यांना वरून परवानगी मागता येईल. मिळेल का विचारलं. म्हणाल्या, “मागता येईल, आजी.”

आणि म्हणाल्या, काही घासू नका. काही म्हणजे काही.

वही आहेच माझ्याकडे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सुरू ३.४०. पिवळा, मग तांबूस. वारा समुद्राकडून. बंद ७.१०. घसा. डोळे. कड्या: हिरवट, वरच्या दोन.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुरू ३.३५. बंद ८. तांबूस. घसा. कड्या: चारही. दोन पाळ्या चालू आहेत. कुडाळवाला खिडकीतून दिसला, मान फिरवली. मीही फिरवली. त्याचं नाव कुठे लिहायचं नाही. मागे लिहिलंय ते खोडते. मॅडमना फक्त ह्या पानापासून दाखवीन.

खोडलं तर मनूच्या बर्फीचं पण जाईल. राहू दे, मागची पानं शिवून टाकते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सुरू ३.३०. बंद ७.४५. पिवळा दाट. वारा नाही. तुळशीची दोन पानं काळी, घरात असून. कड्या: हिरव्यागार, बोट लावलं तर बोटाला येतं.

दुपारी सुरुचीने व्हिडिओ कॉल केला. मनू दोन किलो आठशे! हसली मला बघून. विनीतरावांच्या आई म्हणाल्या, गॅस असेल पोटात. गॅस कसला, हसली. मी मोबाईल फिरवून तिला तिचा पाळणा दाखवला. सुरुची म्हणाली, “शी आई, काय त्या कड्या! तुझ्या घरात असं कधी नव्हतं. घासत का नाहीस?”

म्हटलं, मॅडमना दाखवायच्या आहेत. त्या कधी येतात ते माहीत नाही, न सांगता यायच्या आहेत.

सवयीने सकाळीच चिंच भिजत घातली होती. आमटीत घातली.